कुर्डुवाडी यार्ड टेबलावर : मॉडेल रेल्वेसाठी खऱ्या रेल्वेचा अभ्यास

अडीचफुटी

मंडळी, हॉलच्या भिंतीलगत दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी ठोकायला घरून मंजुरी मिळाली आहे. तिच्यावर बार्शी लाईट रेल्वेचा कुर्डुवाडी यार्ड (डबे लावायची-जोडायची जागा) उभा करायचा बेत आहे. धागा काढायचं कारण असं की इथे बऱ्याच जणांकडे मॉडेल रेल्वे आहे, पण खऱ्या लाईनचा अभ्यास करून मांडणी केल्याचं फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मुंबई-सोलापूर लाईन बार्शीला बाजूला टाकून गेली. पेठ बार्शीत आणि स्टेशन वीसेक मैलांवर 'बार्शी रोड'ला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. कापूस आणि धान्य तिथवर बैलगाडीनं यायचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा आधी जीआयपीत नोकरी केलेला इंग्रज इंजिनिअर. त्यानं १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये अडीच फुटी गेजवर (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) गाडी सुरू केली. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज असं करत लाईन दोनशे मैलांवर गेली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेऊन मध्य रेल्वेत घातली. २००० नंतर टप्प्याटप्प्यानं सगळी ब्रॉडगेज झाली, म्हणजे मूळ लाईन बघायला आता जाता येत नाही. जे काही मिळेल ते कागदात, फोटोंत आणि माणसांकडे.

हीच लाईन का, तर कॅलथ्रॉपनं डोकं लावून बांधलेली आहे. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही, मग ते इंजिन असो की मालडबा. त्यामुळे दर यार्ड लांबीला (तीन फुटांना) फक्त तीस पौंड वजनाचा रूळ पुरला. इंजिनाचं वजन वाटायला चाकं वाढवली. लीड्सच्या किटसन कंपनीची पहिली इंजिनं ०-८-४ टँक (पाणी-कोळसा इंजिनावरच) आहेत, म्हणजे आठ चालकचाकं आणि मागे चार. मालडबे दाबलेल्या पोलादाच्या एकाच २५ फुटी चौकटीवर. ८७ पट लहान केलं (मॉडेलवाल्यांचं एचओ माप) की डबा साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटरचा होतो. दहा फुटांच्या फळीवर हे सुखाने बसतं.

आता माझं मत. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. इंजिन आवडलं, विकत घेतलं, मग त्याच्याभोवती डोंगर, बोगदा, दोन गाई आणि एक देऊळ. मला उलट्या बाजूनं यायचंय. या यार्डात काय यायचं, कुठून यायचं, कुणाच्या पाठीवरून कुठल्या डब्यात जायचं, हे आधी ठरवायचं. ते कळलं की किती सायडिंग (बाजूच्या लाईनी) लागतील, शेड केवढी, इंजिन कुठल्या टोकाला उभं राहील, हे आपोआप ठरतं.

तुमच्यापैकी कुणी कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूरकडचं असेल तर आठवणी लिहा. रेल्वेतल्या लोकांनी कागदपत्रांचं सांगा.

चहाबिस्कीट

वाचनखूण साठवली. पण एक विचारतो, राग नको. एवढा उपद्व्याप कशासाठी? कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा. तिथलं शहर कुठल्याही नकाशात नाही, तरी पोरंच काय, आजोबाही काचेला नाक लावून बसतात. मजा येण्याशी मतलब.

अडीचफुटी

राग कसला. ते म्युझियम मीही तोंड उघडं टाकून पाहिलंय. तिथे गाड्या पळताना बघायच्या आहेत आणि ते काम ते झकास करतं. मला गाडी पळवायची नाहीये, यार्ड चालवायचाय. गोल फिरणारी गाडी मला थोड्या वेळात कंटाळा आणते. पण 'हे सहा डबे कापसाचे, हे दोन रिकामे, तासाभरात मेल येतेय, तोवर शेडसमोर लाव' असं कोडं मिळालं तर संध्याकाळ जाते. आणि ही कोडी मनानं रचायला गेलं की दोन-तीन नंतर सगळी सारखीच होतात. खऱ्या यार्डात ती कुणीतरी आधीच घालून ठेवलेली असतात.

घाटवळण

माझी फळी अजून स्वप्नातच आहे, पण विषय ठरलाय. बोरघाट! रिव्हर्सिंग स्टेशन आणि त्यात शिरणारा खेकडा.

नवीन लोकांसाठी : १८६३ ला घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ डोंगराच्या कडेला गाडी एका टोकाशी थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं पुढचा चढ घ्यायची. घाटाची लांबी पावणेसोळा मैल, चढाई १८३१ फूट, सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १, बोगदे पंचवीस. आणि खेकडा म्हणजे स्विस वळणाचं ते लांब नाकाडाचं विजेचं इंजिन, उभं असताना कण्हल्यासारखा आवाज करायचं म्हणून आपल्या लोकांनी खेकडा म्हटलं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक आहे, मुलांना दाखवून आणा.

अडीचफुटी

घाटवळण, दोन्ही गोष्टी लाखमोलाच्या, पण एका फळीवर नाही बसणार. रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झालं, कारण विजेच्या गाड्यांसाठी नवीन मार्ग काढला. खेकडे पुण्याकडे धावायला लागले ते त्याच वर्षाच्या शेवटापासून. एकाला आणायला दुसऱ्याला घालवलं. तेव्हा ठरवा, वाफेचं इंजिन आणि रिव्हर्सिंग, की तारा आणि खेकडा.

हे मी खोड काढायला लिहीत नाहीये. उलट तुमच्या उदाहरणामुळे माझा मुद्दा नीट सांगता येतोय. आधी साल ठरवायचं. साल ठरलं की निम्मे प्रश्न मिटतात आणि निम्मी खरेदीही वाचते.

आणि पूर्ण घाट करायचा विचार असेल तर हिशोब बघा. एचओ मापात लांबी जवळपास २९० मीटर भरते आणि वरचं टोक खालच्यापेक्षा सहा मीटरहून जास्त उंचावर. तुमच्या सोसायटीचे दोन मजले मागावे लागतील.

घाटवळण

हायला, हे लक्षातच घेतलं नव्हतं. मग वाफच. फक्त रिव्हर्सिंग स्टेशन करतो, घाट पडद्याआड. दोन्ही लाईनी एकाच बाजूनं येतात म्हणजे अरुंद फळीला बरंच की!

तसंही जागा अजून ओळखू येते. अमृतांजन पुलाच्या परिसरात जुन्या बांधकामाच्या खुणा आहेत. पूल मात्र २०२० मध्ये पाडला.

लालहिरवा

नमस्कार. मी रेल्वेतून निवृत्त. नोकरीची काही वर्षं सोलापूर विभागात गेली. ऑपरेटिंगचा माणूस आहे, मॉडेलचं काही कळत नाही, पण धाग्यातला प्रश्न आमच्या रोजच्या कामाचा आहे म्हणून लिहितो.

अडीचफुटी, तुम्ही इंजिनाऐवजी मालापासून सुरुवात करताय हे योग्य. कुठलाही यार्ड समजून घ्यायचा तर तीन कागद लागतात. पहिला म्हणजे त्या स्टेशनचे कार्यचालन नियम, आम्ही एसडब्ल्यूआर म्हणायचो. त्यात स्टेशनचा आराखडा, प्रत्येक लाईनीची लांबी आणि तिचा उपयोग, सिग्नल, सांधे कुणी बदलायचे, शंटिंग करताना (डबे पुढेमागे हलवताना) काय करायचं नाही, सगळं असतं. दुसरा म्हणजे वर्किंग टाइमटेबल. प्रवाशांना मिळतं ते नव्हे. यात मालगाड्या, त्यांचा भार, वेगमर्यादा, पाणी कुठे घ्यायचं आणि कुठे किती वेळ थांबायचं ते असतं. तिसरा इंजिन-डब्यांचा डायग्राम, मापांसकट.

कंपनीच्या काळातले हे कागद कुर्डुवाडीत आता मिळतील अशी आशा धरू नका. गेज बदलताना कार्यालयं बदलली, कपाटं रिकामी झाली. निवृत्त लोकांच्या घरी माळ्यावर मात्र असतात. गार्ड, ड्रायव्हर, यार्ड मास्तर यांना जुनं टाइमटेबल टाकवत नाही. गावात गेलात तर आधी 'कोणाच्या घरात रेल्वेत कोण होतं' ते विचारा.

आता यार्डाचं. दोन गेज भेटतात तिथे ट्रान्शिपमेंट, म्हणजे माल एका गेजच्या डब्यातून दुसऱ्या गेजच्या डब्यात हलवणं, हेच मुख्य काम. मधे शेड, एका अंगाला लहान गेजचा डबा, दुसऱ्या अंगाला मोठ्या गेजचा. हमाल पोतं पाठीवर घेऊन आडवे जातात. पण दोन्ही बाजूंचा डबा एकाच मापाचा नसतो. एका मोठ्या डब्यात लहान डब्याचा माल बसतो आणि थोडी जागा उरते, किंवा बसत नाही आणि चार पोती राहतात. ती चार पोती हीच डोकेदुखी! अर्धवट रिकामा डबा शेडसमोर अडकला की मागचे सगळे खोळंबतात. तुम्हाला टेबलावर कोडं हवं आहे ना, ते इथे आहे.

अडीचफुटी

काका, साष्टांग नमस्कार. 'ती चार पोती' हे कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. पाच टनांच्या हिशोबानं चार आसांचा भरलेला डबा वीस टनांच्या आत राहायला हवा, त्यातून डब्याचं स्वतःचं वजन वजा. म्हणजे लहान गेजचा डबा दिसायला छोटा असला तरी त्या काळच्या चारचाकी मोठ्या डब्याच्या तोडीला जवळपास येतो. पण तंतोतंत नाही. बरोबर समजलो का?

लालहिरवा

बरोबर. आणि कापूस असेल तर वजन भरायच्या आधी जागा भरते. धान्य असेल तर उलट. म्हणून कुठला माल ते आधी लिहून काढा, डबे नंतर मोजा.

रूळमोजणी

एचओ म्हणजे १:८७. त्या मापात ९ मिमीचा ट्रॅक म्हणजे प्रत्यक्षातलं ७८४ मिमी गेज, बार्शीचं खरं गेज ७६२. बावीस मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसत नाही. चांगलं माप निवडलंत. १:७६ मध्ये तोच ट्रॅक घेतला असता तर गेज ६८६ वर आलं असतं आणि बार्शी लाईट माथेरानच्या दोन फुटी गाडीच्या दिशेनं सरकली असती.

पण ब्रॉडगेजच्या बाजूला फसाल. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिमी हवं. बाजारात मिळतो तो १६.५, म्हणजे युरोपचं स्टँडर्ड गेज. दुकानातला ट्रॅक टाकला तर कुर्डुवाडीत जर्मनी येईल. शेजारी अडीच फुटी असल्यामुळे प्रमाण लगेच खटकेल. तिथला एकच सायडिंग हातानं टाका, सव्वाएकोणीसला. त्यावर न चालणारे डबे उभे करा. कुणी चालवून बघणार नाहीये.

रुळाच्या उंचीचंही बघा. तीस पौंडांचा रूळ साधारण तीन इंच उंच. १:८७ मध्ये ०.९ मिमीच्याही आत. नेहमीचा कोड ८० चा ट्रॅक दोन मिमी उंच, म्हणजे प्रत्यक्षात सात इंच. आज राजधानी ज्यावरून जाते त्या ६० किलोच्या रुळाहून जरा जास्तच. बार्शी लाईटला असले रूळ परवडले असते तर कॅलथ्रॉपला एवढी डोकेफोड करावी लागली नसती.

चहाबिस्कीट

०.९ मिमी कोण बघतंय हो!

रूळमोजणी

मी.

मुरुडकर

आमचं गाव याच लाईनवर. लहानपणी मामाच्या गावाला याच गाडीनं जायचो. लई हळू, पण वेळेला पक्की म्हणत नाही मी, कारण तसं कुणीच म्हणलं नसतं. चढाला गाडी दमली की पोरं उतरून चालायची असं सगळेच सांगतात, प्रत्येक लहान गाडीबद्दल सांगतात. मी स्वतः उतरलो नव्हतो, आई मारायची.

एक सांगतो. नवीन नकाशा बघून जुनी लाईन काढू नका. आताची ब्रॉडगेज धाराशिवला शिरते. जुनी छोटी गाडी धाराशिवला जायचीच नाही. येडशीवरनं तशीच ढोकी, मुरूड, हरंगुळ करत लातूर. धाराशिवचा माणूस येडशीला यायचा आधी. हे आठवणीत ठेवा, नाहीतर स्टेशनं चुकतील.

आणि बार्शीच्या पुढं निजामाची हद्द होती हे विसरू नका. माल एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात जायचा.

अडीचफुटी

मुरुडकर, उत्तम. हद्दीचा मुद्दा डोक्यात होता पण त्याचा यार्डाशी संबंध जोडला नव्हता. लातूरचा माल म्हणजे हैदराबाद संस्थानातला. तो कुर्डुवाडीला येऊन मुंबईकडे जाणार. म्हणजे कुर्डुवाडी हे नुसतं जंक्शन नाही, मराठवाड्याच्या त्या पट्ट्याची मुंबईकडची खिडकी आहे.

लीड्सची_सून

लीड्समधून लिहितेय, म्हणून राहवलं नाही. ही गाडी आमच्या इथे जन्मली! बार्शीला पाठवण्याआधी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे लीड्स फोर्ज कंपनीच्या आवारात तात्पुरता रूळ टाकून डब्यांचं प्रदर्शन आणि चाचण्या केल्या होत्या. वेगवेगळ्या देशांच्या रेल्वेवाल्यांना दाखवायला. किटसनही इथलीच.

कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडमध्येही अशीच लाईन केली, स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड. १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद. तेच अडीच फुटी गेज, इंजिनंही किटसनचीच. आता त्या जागी चालायची-सायकलीची वाट आहे. आम्ही गेलो होतो. एका बाजूला मेंढ्या, मधे बोगदा आणि मनात सारखं बार्शी.

पण अडीचफुटी, एक इशारा. इथल्या क्लबांमध्ये मॅनिफोल्डच्या इंजिनाचे आराखडे सहज मिळतात आणि लोक सर्रास 'हे बार्शीचंच' म्हणतात. मॅनिफोल्डची दोन्ही इंजिनं २-६-४ आहेत, तुमची ०-८-४. भाऊबंद आहेत, जुळी नाहीत. मॅनिफोल्डवरून घ्यायचं ते कॅलथ्रॉपचं वळण : मोठा हेडलाइट, केबिनची बांधणी, डब्यांची चौकट. चाकं मोजून घ्यायची ती बार्शीच्या फोटोतून.

दुसरं म्हणजे मॅनिफोल्डवर मोठ्या गेजचा अख्खा डबा लहान गेजच्या खास गाडीवर चढवून न्यायचे. दुधाचे टँकर तसेच जायचे. ते मोहात पाडतं, पण ते कुर्डुवाडीत आणू नका. तुमच्याकडे काकांनी सांगितलेले हमाल आहेत.

जाता जाता : याच कॅलथ्रॉपनं नंतर विमानातून उडी मारायचं एक पॅराशूट तयार केलं. 'गार्डियन एंजल' नाव.

अडीचफुटी

वहिनी, खजिना! फोटोतून माप काढायची युक्ती तुमच्यामुळे सुचली. डब्याची चौकट २५ फुटांची हे ठाऊक असल्यामुळे डबा ज्या फोटोत सरळ बाजूनं दिसतो त्यात तोच फूटपट्टी. शेडचा खांब त्याच रांगेत असेल तर त्याची उंची निघते. फक्त डबा आणि वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हव्यात, नाहीतर मागची शेड ठेंगणी ठरते.

नकाशेवाला

फोटोंइतकंच नकाशांकडे बघा. मी तीन पायऱ्या करतो.

सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी एक इंच-एक मैल पत्रकं. त्यावर ब्रॉडगेज आणि इतर गेज वेगळ्या खुणेनं दाखवतात. भराव किती उंच, खोदाई किती खोल हेही आकड्यानं दिलेलं असतं. यार्डाचा आराखडा त्यात नाही मिळणार, पण लाईन गावाच्या कुठल्या बाजूनं शिरते, नाला कुठे ओलांडते, रस्ता कुठे छेदतो हे मिळतं. मागच्या पडद्याचं चित्र काढायला हेच लागतं.

मग कोरोना उपग्रहाची चित्रं. अमेरिकेचा हेरगिरीचा उपग्रह, १९६० ते १९७२. चित्रं १९९५ मध्ये खुली झाली, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शेवटच्या वर्षांतल्या चित्रांत दोनेक मीटरपर्यंतचं दिसतं. अडीच फुटी रूळ दिसणार नाही, पण शेडचं छप्पर, इंजिन फिरवायचा त्रिकोण, राखेचा काळा डाग, वळणाचा घेर हे दिसतं. तुमचं साल याच्या आधीचं असलं तरी इमारती एवढ्या पटकन हलत नाहीत.

शेवटी गुगल अर्थ. उखडलेल्या लाईनीचा भराव शेतातून वर्षानुवर्षं दिसतो, विशेषतः उन्हाळ्यातल्या चित्रांत, पिकं नसताना. मागच्या सालांची चित्रं बघायची सोय आहे, २०१० च्या आधीची उघडा.

शकुंतलेचा_भाऊ

आमच्या विदर्भाला कोणी विचारतच नाही बाप्पा. शकुंतला आहे ना! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, हीही अडीच फुटी. मूर्तिजापूरहून यवतमाळ ११३ किलोमीटर आणि अचलपूर ७६. मालकी इंग्रज कंपनीची होती, राष्ट्रीयीकरणातून सुटलेली. १९२१ चं मँचेस्टरचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल लागलं. कापसासाठीच बांधली होती हेही.

माझा मुद्दा असा की एवढे यार्ड, शेड, दोन गेज करत बसता, त्यापेक्षा शकुंतलेचं एक मधलं स्टेशन करा ना. एक फलाट, एक कडुनिंब, दिवसातून एक गाडी. तिकीटही गार्डच देत होता. पैसे वाचतात आणि खरंही होते.

अडीचफुटी

भाऊ, शकुंतला हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे आणि तो तुम्ही काढलात तर मी पहिला प्रतिसाद देईन. पण ती मी करणार नाही, कारण तिच्यातली गंमत वाट बघण्यात आहे. टेबलावर वाट बघता येत नाही. दोन मिनिटांत गाडी येते आणि जाते, मग कडुनिंबाकडे बघायचं.

चहाबिस्कीट

मी पुन्हा आलो. मान्य, यार्डात मजा आहे. पण दहा फुटांत कुर्डुवाडी बसते का? खरा यार्ड काही शे मीटर असणार. तुम्ही तो दाबणार, म्हणजे शेवटी खोटंच. मग रूळमोजणींचा ०.९ मिमी आणि तुमचं साल, याला अर्थ काय?

अडीचफुटी

रास्त प्रश्न. तीनशे मीटरची लाईन एचओत साडेतीन मीटर होते, माझी फळीच तीन मीटर. तेव्हा दाबावं लागणारच. पण काय दाबायचं ते अभ्यासानं ठरतं. पंधरा डब्यांच्या जागी पाच डब्यांची गाडी चालेल, सायडिंग आखूड चालतील, कारण काम तेच राहतं. पण 'शेडसमोरची जागा अडली की मागचं अडतं' हा संबंध काढून टाकला तर मात्र तो कुर्डुवाडी राहत नाही. त्यामुळे एक शेड, दोन्ही गेज, शेडमागे वाट बघायला एक लाईन आणि इंजिन सुटं करून पलीकडे न्यायला एक वळसा. बाकीचं गेलं तरी चालेल. वर्कशॉप जाणार. इंजिन शेड पडद्यावर रंगवून टाकणार.

घाटवळण

साल कुठलं ठरवताय? मला सारखं खेकडा आणि वाफ असं होतं म्हणून विचारतोय.

अडीचफुटी

१९२७ ला मिरज जोडलं गेलं आणि १९५४ ला कंपनी संपली. या दोन्हींच्या मधे कुठेतरी, म्हणजे लातूर, पंढरपूर, मिरज सगळीकडचा माल आहे आणि डब्यांवर कंपनीचीच अक्षरं आहेत. तूर्त १९३० चं दशक धरलंय.

सालापेक्षा मोठा पेच ऋतूचा होता. आधी आषाढी डोक्यात होती. पंढरपूरची लाईन म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! पण आषाढीला पाऊस, कापूस संपलेला, मालाची बाजू ढिली. मग कार्तिकी घेतली. कार्तिकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि त्याच सुमारास या भागात कापसाची वेचणी सुरू होते. एकाच आठवड्यात एकीकडे वारकऱ्यांच्या जादा गाड्या आणि दुसरीकडे कापसाच्या गासड्या (गठ्ठे). डबे तेवढेच.

लालहिरवा

छान धरलंत. मेळ्याच्या वेळी मालडब्यांतून प्रवासी नेण्याची पद्धत तेव्हा देशभर होती, तक्रारीही खूप व्हायच्या. माल बाजूला, माणसं मालाच्या डब्यांत. यार्ड मास्तरच्या दृष्टीनं विचार करा. रिकामा डबा हातात आलाय. पंढरपूरच्या स्पेशलला जोडू की लातूरच्या कापसाला पाठवू? दोन्हीकडून तारा येताहेत.

एकादशीच्या आधी रिकामे डबे पंढरपूरकडे आणि माणसं भरून. नंतर चार दिवस उलटी गर्दी. त्या चार दिवसांत कापसाला डबा मिळणं कठीण. म्हणजे तुमच्या खेळाची अवघड पातळी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी.

लीड्सची_सून

बाई गं, काका! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मुरुडकर

वारकरी दाखवणार असाल तर कार्तिकीला छत्र्या-घोंगड्या पावसाच्या नकोत, थंडीची तयारी दाखवा. आणि खाली पडलेला कापूस. गासडी उचलली की शेडपाशी पांढरं उडायचंच.

रूळमोजणी

१:८७ मधल्या गासडीचा आकार सांगून ठेवा. कापडी पिशवीसारखी करू नका. प्रेस केलेली गासडी पट्ट्यांनी आवळलेली, कडक कडांची असते. न दाबलेल्या कापसाचा बोरा वेगळा, फुगीर. तुमच्या यार्डात कुठला येतो ते शोधा. बार्शी-लातूरला प्रेसिंग होत असेल तर गासडी, नसेल तर बोरे, आणि त्यावर डब्यात किती बसतात ते बदलतं.

अडीचफुटी

हा तर थेट काकांच्या चार पोत्यांचा प्रश्न झाला. पुढच्या खेपेला मुंबईला गेलो की राज्य पुराभिलेखागारात बसतो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, पीडब्ल्यूडीच्या रेल्वे शाखेचं जुनं दप्तर तिथे आहे. इंडिया ऑफिसचं (लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याचं) दप्तर ब्रिटिश लायब्ररीत, ते वहिनींच्या वाट्याला, लंडनला जाणं झालं तर. रेल्वे बोर्डाचे वार्षिक अहवाल ऑनलाइन चाळायला मी घेतो. लाईनवार आकडे त्यात असतात, किती टन काय वाहिलं याचे.

काका, एकच विचारायचंय. शेडमध्ये हमालांच्या टोळ्या लहान गेजकडून मोठ्याकडे कापूस नेताना त्याच फेरीत परत येताना मीठ-साखर-कापड उलट्या बाजूला आणायच्या का? की आवक-जावक वेगवेगळ्या वेळी?

लालहिरवा

मी पाहिलेल्या शेडमध्ये वेगवेगळी. आवक उरकल्याशिवाय जावक घेत नसत, मोजणीत घोळ होतो. पावती एकाची, पोतं दुसऱ्याचं. त्यासाठी शेडच्या एका टोकाला मोजणी कारकुनाचं टेबल करा. उजेडाच्या बाजूला, पश्चिमेकडे नको, संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येतं.

नकाशेवाला

शेडचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते कोरोनात बघून सांगतो. सावली दिसेल.